माल्ट
माल्ट : भिजवून मोड आणलेले आणि मोड हवे तेवढे वाढताच वाळवून किंवा भाजून वाढ थांबवलेले धान्य. बिअर आणि व्हिस्कीच्या धंद्यात माल्ट म्हटले की सातू, म्हणजे बार्ली, गृहीत धरतात. पण माल्ट हे कुठल्या एका धान्याचे नाव नव्हे. ते धान्याच्या एका अवस्थेचे नाव आहे. ज्वारी, नाचणी, गहू, बाजरी यांचेही माल्ट होते. सोलापुरात घरोघरी हा शब्द ओळखीचा आहे तो दुधात कालवायच्या पावडरीच्या डब्यामुळे. बिअरशी त्याचा संबंध सांगितला की अजूनही काहींच्या भुवया उंचावतात.

शब्द इंग्रजीतून मराठीत जसाच्या तसा आला. जर्मनमध्ये माल्त्स, डचमध्ये माउट अशी त्याची भावंडे आहेत. फिनिश भाषेतला माल्लास जर्मानिक भाषांकडून उसना घेतलेला. व्युत्पत्तिकार हा शब्द इंग्रजी ‘मेल्ट’शी, म्हणजे वितळण्याशी जोडतात, मूळ भाव ‘मऊ पडलेले’ असा. त्याच प्राचीन धातूकडे लॅटिनमधला मोल्लिस आणि संस्कृतातला मृदु हे शब्दही नेऊन पोचवतात. मृदुचे प्राकृतात मउ झाले, त्याचे मराठीत मऊ. तेव्हा माल्ट आणि मऊ हे लांबचे का होईना, नातलग ठरतात. अर्थही चपखल बसतो: कच्चा दाणा दाताखाली कडक लागतो, माल्ट झालेला दाणा चिमटीत चुरडला तरी त्याचे पीठ होते.

आपल्याकडे या वस्तूला शब्द नव्हते असे मात्र नाही. सौत्रामणी या वैदिक यागातल्या सुरेसाठी शुक्ल यजुर्वेदाच्या 19व्या अध्यायात शष्प, तोक्म, लाजा आणि नग्नहू ही सामग्री येते. भाष्यकारांच्या मते शष्प म्हणजे मोड आलेली साळ, तोक्म म्हणजे मोड आलेले जव आणि नग्नहू म्हणजे आंबवण्याचे किण्व. यांतली लाजा तेवढी लाही होऊन मराठीत टिकली, बाकीचे शब्द पोथीतच राहिले.

मोड येताना दाण्यात घडते ते असे. पाणी शोषताच गर्भ जागा होतो आणि कोंबाला अन्न मिळावे म्हणून अमायलेज गटातली विकरे (एन्झाइम) तयार होऊ लागतात. ही विकरे दाण्यातला स्टार्च तोडून त्याची साखर करतात. त्या साखरेचे नाव माल्टोज, तेही माल्टवरूनच पडलेले. कोंब वाढू दिला तर तो सगळा साठा खाऊन टाकील, म्हणून ऐन वेळी दाणा वाळवायचा. विकरे शाबूत राहतात, कोंब मरतो. पुढे हेच दळून गरम पाण्यात कालवले की विकरे पुन्हा कामाला लागतात आणि त्या गोड पाण्यावर यीस्ट सोडले की बिअरची सुरुवात होते. 1833 मध्ये पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनज्ञांनी माल्टमधूनच डायास्टेज वेगळे काढले. वेगळे काढलेले ते पहिले विकर.

सोलापूर जिल्हा शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा. मालदांडी या जातीचा प्रसिद्ध एम 35-1 हा वाण मोहोळच्या केंद्रात निवडलेला. नावातला ‘एम’ मालदांडीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. इथल्या शेतकऱ्याने माल्ट हा शब्द ऐकलेला नसला तरी ही प्रक्रिया त्याने पाहिलेली असते, तीही नको तेव्हा: काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला की कणसातच दाण्याला मोड फुटतात. अशा ज्वारीच्या पिठाला विरी, म्हणजे चिकटपणा, राहत नाही. भाकरी थापताना चिरते, आणि कडक भाकरीचे तर नावच नको. विकरांनी स्टार्च आधीच तोडलेला असतो. भाकरीला जे मारक, तेच माल्टला हवे असते.

ज्वारीचे माल्ट करायचे तर दाणे निवडून, धुऊन, अधूनमधून पाणी बदलत रात्रभर किंवा थोडे अधिक भिजवतात. मग ओल्या गोणपाटावर पसरून वर ओले कापड घालतात आणि तीन ते पाच दिवस पाणी शिंपडत राहतात. साधारण 25 ते 30 अंश सेल्सिअस तापमान तिला मानवते. सातूला याहून बरेच थंड लागते. ऊन चढले की गोणपाटाखाली ऊब धरून बुरशीचा वास येऊ लागतो, म्हणून दाणे वरखाली करावे लागतात. मुळे एकमेकांत गुंतून चटईसारखा थर होतो, तो हातानेच सोडवायचा. पुढे कडक वाळवून दाणे हातावर चोळले की मुळे आणि कोंब गळतात, ते सुपात पाखडून टाकतात.

हे पाखडणे हौसेचे नाही. ज्वारीच्या कोंबात धुरिन नावाचे द्रव्य साठते आणि त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटते. कोवळे पोंगे खाऊन जनावरांना किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, ती यामुळेच. मोड आलेली ज्वारी मटकीसारखी कच्ची खाऊ नये. कोंब-मुळे काढून, वाळवून, शिजवूनच वापरावी. नाचणीला ही भीती नाही, म्हणून घरगुती माल्टसाठी तीच जास्त चालते.

नायजेरियात 1988 पासून सातूच्या माल्टची आयात बंद झाली तेव्हा तिथल्या बिअर कारखान्यांना ज्वारीकडे वळावे लागले. आफ्रिकेत ज्वारीच्या माल्टची घरगुती बिअर त्याआधीपासूनच होती.

सध्या बाजारात ‘बीट माल्ट’, ‘गाजर माल्ट’ नावाच्या पावडरी दिसतात. बीट किंवा गाजर शिजवून, गूळ-साखर घालून, आटवून केलेल्या त्या पावडरीत मोड आलेले धान्य नसेल, तर तिला माल्ट म्हणणे चूक आहे. नाचणी सत्त्वही वेगळे: भिजवून वाटून गाळलेला स्टार्च वाळवला की सत्त्व होते, त्याला मोड लागतीलच असे नाही. फार न भाजलेले घरचे माल्ट ओळखायची खूण सोपी आहे. ज्वारीच्या पिठाची चमचा उभा राहील इतकी घट्ट पेज करावी, बोट सोसेल न सोसेल इतकी निवाली की त्यात चमचाभर माल्टचे पीठ ढवळावे. थोड्याच वेळात पेज ओघळण्याइतकी पातळ होते. बाळाला त्याच वाटीतून जास्त धान्य भरवता येते, आणि बडोद्याच्या विद्यापीठात या युक्तीवर 1980च्या दशकात बरेच संशोधन झाले. उकळत्या पेजेत पीठ टाकले तर मात्र विकरे मरतात आणि पेज घट्टच राहते.