रश बँडचे चाहते

रश हा कॅनडातल्या टोरांटोचा तिघांचा प्रोग्रेसिव्ह रॉक बँड, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचना असलेला रॉक. गेडी ली बेस वाजवतो, गातो, आणि हात रिकामे नसले की पायानं पेडल दाबून कीबोर्डचे सूर काढतो, ॲलेक्स लाइफसन गिटारवर, नील पिअर्ट ड्रम्सवर असायचा, आणि जवळजवळ सगळी गीतंही पिअर्टनीच लिहिलेली. १९७४ ते २०१५ हेच तिघं होते, मधे एकदाही माणूस बदलला नाही, रॉकमधे हे फार कमी जणांना जमलंय. स्टुडिओ अल्बम एकूण १९. पण ही नोंद बँडपेक्षा त्यांच्या चाहत्यांबद्दल जास्त आहे, कारण रशचं नाव पन्नास वर्षं टिकलं ते समीक्षकांमुळे नाही आणि हिट गाण्यांमुळे तर नाहीच नाही, ते ऐकणाऱ्यांनी टिकवलं. बँडनी ऐकणाऱ्याला कधी कमी लेखलं नाही, अवघड वाटेल ते वाजवलं आणि समोरच्याला ते कळेल असा भरवसा ठेवला, आणि ऐकणाऱ्यांनीही मग तेवढ्याच मेहनतीनं ऐकलं. या प्रेमाचं मूळ माझ्या मते यातच आहे.

सुरुवात

बँड १९६८ मधे टोरांटोच्या विलोडेल भागात सुरू झाला, शाळकरी पोरांचा. पहिला अल्बम १९७४ ला आला तोही स्वतःच्याच छोट्या रेकॉर्ड कंपनीतून, कारण कोणी घ्यायलाच तयार नव्हतं. तो अमेरिकेत क्लीव्हलँडच्या डब्ल्यूएमएमएस रेडिओ स्टेशनवर डॉना हॅल्पर यांच्या हाती पडला आणि त्यांनी त्यातलं 'वर्किंग मॅन' हे सात मिनिटांचं गाणं वाजवायला दिलं. क्लीव्हलँड म्हणजे तेव्हा पोलाद आणि कारखान्यांचं शहर, आणि गाणं रोज उठून कामाला जाणाऱ्या माणसाचं. स्टेशनवर फोन यायला लागले, हा लेड झेपेलिनचा (तेव्हाचा गाजलेला ब्रिटिश रॉक बँड) नवीन अल्बम आहे का, कुठे मिळेल. मग मर्क्युरी या रेकॉर्ड कंपनीनं बँड घेतला. म्हणजे रशचे पहिले चाहते हे ड्यूटीवरून आलेले कामगार लोक होते, हे मुद्दाम सांगायला पाहिजे, कारण पुढे प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे कॉलेजात शिकलेल्यांचं काहीतरी अशी समजूत झाली.

पहिला ड्रमर जॉन रुट्झी तब्येतीच्या कारणानं बाहेर पडला आणि जुलै १९७४ मधे पिअर्ट आला. दोन आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, पिट्सबर्गला ११ हजारांवर लोकांसमोर त्याचा पहिला शो होता.

१९७५ चा 'केरेस ऑफ स्टील' हा अल्बम आपटला. हॉल रिकामे, पैसे संपत आलेले, त्या टूरला बँडनी स्वतःच 'आता सगळं बुडालं' अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं. कंपनीचं म्हणणं साधं होतं की छोटी, रेडिओवर चालतील अशी गाणी करा, लांबलचक प्रकार बंद. तिघांनी बसून ठरवलं की बुडायचंच असेल तर आपलं स्वतःचं करून बुडू, आणि १९७६ ला '२११२' काढला ज्याची अख्खी पहिली बाजू म्हणजे एकच वीस मिनिटांची रचना. गोष्ट अशी की भविष्यात पुजाऱ्यांचं राज्य आहे, संगीत काय ऐकायचं तेही तेच ठरवतात, एका माणसाला जुनी गिटार सापडते, तो ती शिकतो, आनंदानं त्यांच्याकडे घेऊन जातो आणि ते ती मोडून टाकतात. यातले पुजारी कोण आणि गिटारवाला कोण हे ऐकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. अल्बम चालला, लोकांनी एकमेकांना ऐकवून चालवला, आणि त्यानंतर कंपनीनं यांच्या कामात परत नाक खुपसलं नाही. रशच्या कुठल्याही चाहत्याला ही गोष्ट तोंडपाठ असते, आणि नवीन माणसाला बँडची ओळख करून देताना बहुतेक वेळा इथूनच सुरुवात होते.

ऐकायची पद्धत

रशचा चाहता गाणं नुसतं ऐकत नाही, मोजतो. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे १९८१ च्या 'मूव्हिंग पिक्चर्स' मधलं 'वायवायझेड' हे बिनशब्दांचं गाणं. वायवायझेड हा टोरांटोच्या पिअर्सन विमानतळाचा कोड, मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनला मुलांकडे जाऊन आलेल्या आपल्याकडच्या कितीतरी आईवडिलांच्या बॅगेच्या टॅगवर तो छापलेला असतो. विमानतळाचा रेडिओ सिग्नल ही तीन अक्षरं मोर्स कोडमधे सतत पाठवत असायचा, ती लय बँडनी विमानात ऐकली आणि तिच्यावरच गाण्याची सुरुवात बांधली. डॅशला दोन आणि डॉटला एक असं धरून हातानं मोजून बघा, वाय म्हणजे डॅश डॉट डॅश डॅश, झाले सात. परत वाय, परत सात. झेड म्हणजे डॅश डॅश डॉट डॉट, झाले सहा. सगळे मिळून २०, म्हणजे दुप्पट संथ मोजलं तर दहा मात्रांचं आवर्तन. झपतालही दहा मात्रांचाच, पण त्याची विभागणी २-३-२-३, इथे वजन भलतीकडेच पडतं, त्यामुळे तबला ऐकणारा माणूस पहिल्यांदा सम शोधत राहतो, आणि एकदा ती सापडली की ते गाणं त्याला सुटत नाही. घरी परत पोचल्याची खूण म्हणून हे गाणं आहे असं कळल्यावर तर आणखीच.

दुसरी गोष्ट हवेतले ड्रम्स. 'टॉम सॉयर' मधे गिटार सोलो संपता संपता पिअर्टचे जे सलग टोले पडतात ते शोमधे हजारो लोक हवेत हात मारून त्याच्याबरोबर वाजवायचे, आणि सगळ्यांचे हात एकदम, त्याच जागी. हे शक्य होतं याचं कारण पिअर्ट स्वतः, तो रेकॉर्डवर जे वाजवलं ते शोमधे जवळजवळ तसंच वाजवायचा, प्रत्येक टोला विचार करून ठेवलेला असायचा आणि त्याचं म्हणणं असं होतं की लोक जे ऐकायला आलेत ते त्यांना नीट मिळालं पाहिजे. काही जाणकारांना हे यांत्रिक वाटतं, उत्स्फूर्तपणा नाही म्हणतात. मला वाटतं याच शिस्तीमुळे ऐकणारा त्या वाजवण्यात भागीदार होऊ शकला. उत्स्फूर्त वाजवणं पुढे आलंच, पिअर्टनी चाळिशी ओलांडल्यावर फ्रेडी ग्रुबर या जॅझच्या गुरूकडे जाऊन ड्रमस्टिक धरायची पद्धतच बदलली, जगातल्या नावाजलेल्या ड्रमर्समधे गणना होत असताना परत विद्यार्थी झाला. चाहत्यांमधे ड्रम शिकणारे आणि शिकवणारे इतके का आहेत ते यावरून कळेल.

आणि रिओ. २३ नोव्हेंबर २००२, माराकाना स्टेडियम, बँड ब्राझीलला पहिल्यांदाच गेला होता. तिथे 'टॉम सॉयर' हे टीव्हीवरच्या एका अमेरिकन मालिकेचं टायटल म्हणून घराघरात पोचलेलं, पण बाकीची गाणीही लोकांना पाठ असतील याची तिघांनाही कल्पना नव्हती. त्या शोच्या डीव्हीडीत दिसतं की 'वायवायझेड' सुरू होतं आणि हजारो माणसं उड्या मारत गायला लागतात. गाण्याला शब्दच नाहीत, तर लोक गिटारची धून गातात, तोंडानं, सगळ्या वळणांसकट. रश म्हणजे काय असं कोणी विचारलं तर आधी ही क्लिप दाखवावी, बाकी नंतर.

टीका, आणि हॉल ऑफ फेम

समीक्षकांनी या बँडला बरीच वर्षं धुतलं. गेडीचा उंच आवाज, पिअर्टची पुस्तकी गीतं, लांब रचना, सगळ्यावर. '२११२' च्या कव्हरवर आयन रँड या भांडवलशाहीचा कट्टर पुरस्कार करणाऱ्या लेखिकेचे आभार मानलेले, त्यावरून ७० च्या दशकात ब्रिटिश संगीत पत्रकारांनी त्यांना उजव्या टोकाचे ठरवलं, जे गेडीला फार लागलं कारण त्याचे आईवडील नाझी छळछावण्यांमधून वाचलेले ज्यू होते. पिअर्टही पुढे रँडच्या विचारांपासून लांब गेला आणि तसं उघड बोलला.

रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम ही रॉकमधल्या मोठ्या कलाकारांना मान देणारी अमेरिकेतली संस्था. तिच्यासाठी बँड ९० च्या दशकाच्या शेवटीच पात्र झाला होता, पण नाव येईना. २०१२ मधे पहिल्यांदा लोकांना मत द्यायची सोय झाली आणि रश त्यात पहिला आला. १८ एप्रिल २०१३ ला लॉस एंजेलिसच्या समारंभात सुरुवातीच्या भाषणात नुसतं रशचं नाव निघालं आणि हॉल इतका वेळ ओरडत राहिला की बोलणाऱ्याला थांबावं लागलं. फू फायटर्स या रॉक बँडचे डेव्ह ग्रोल आणि टेलर हॉकिन्स यांनी त्यांना सामील करून घेतलं आणि ७० च्या दशकातल्या रशसारखे पांढरे किमोनो घालून '२११२' ची सुरुवात वाजवली. पिअर्ट आणि गेडी नीट बोलले, मग लाइफसन उभा राहिला आणि पूर्ण भाषण फक्त 'ब्ला ब्ला ब्ला' एवढ्याच शब्दात, हातवारे आणि चेहऱ्यावरचे भाव बदलत, बँडची सगळी गोष्ट सांगून बसला. गंभीर संगीत आणि हे असलं बागडणं, दोन्ही रशमधे पहिल्यापासून आहे. २००२ पासून गेडीच्या मागे स्टेजवर स्पीकरच्या जागी कपडे वाळवायची मशिनं फिरत असायची, नंतर त्या जागी कोंबड्या भाजायच्या भट्ट्या आल्या आणि शो चालू असताना आचाऱ्याची टोपी घातलेला माणूस येऊन कोंबड्यांना तेल लावून जायचा.

अंतर

इतकं प्रेम असून पिअर्ट चाहत्यांना भेटायचा नाही. गेडी आणि ॲलेक्स शोआधी लोकांना भेटायचे, फोटो काढायचे, तो मात्र शो संपला की मोटरसायकलवर बसून पुढच्या गावाला निघायचा. अनोळखी माणसाशी जुना मित्र असल्यासारखं वागणं मला जमत नाही हे त्यानी 'लाइमलाइट' या गाण्यातच सांगून ठेवलंय. रशच्या चाहत्यांचं मला सगळ्यात आवडतं ते हे, की बहुतेकांनी त्याची ही इच्छा पाळली आणि प्रेमात काही कमी झालं नाही.

ऑगस्ट १९९७ मधे पिअर्टची १९ वर्षांची मुलगी सेलीना गाडीच्या अपघातात गेली आणि दहा महिन्यांत बायको जॅकी कॅन्सरनी गेली. त्यानी बाकी दोघांना सांगितलं, मी निवृत्त झालो असं समजा, आणि मोटरसायकलवर निघून गेला, सुमारे ८८ हजार किलोमीटर, एकटा. गेडी आणि ॲलेक्सनी त्याच्यामागे तगादा लावला नाही, दुसरा ड्रमर शोधला नाही. लोकही थांबले. २००२ ला 'व्हेपर ट्रेल्स' आला, आणि त्याची सुरुवात गिटारनी नाही आवाजानी नाही, नुसत्या ड्रम्सनी होते, दोन्ही पायांचा धडधडाट. इतक्या वर्षांनी ते टोले ऐकून मोठमोठे बापे रडले यात नवल काय.

त्या अल्बमचं मिक्सिंग (वेगवेगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवणं) मात्र वाईट होतं, सगळं इतकं मोठ्या आवाजात दाबलेलं की वाद्यं फाटल्यासारखी वाटतात, आणि चाहत्यांनी ते तोंडावर सांगितलं, वर्षानुवर्षं सांगत राहिले. शेवटी २०१३ मधे बँडनी तो पूर्ण अल्बम नव्यानं मिक्स करून परत काढला. वाद इतरही आहेत. १९८२ च्या 'सिग्नल्स' पासून पुढची काही वर्षं सिंथेसायझर पुढे आला आणि गिटार मागे गेली, त्या काळावरून अजूनही दोन तट आहेत, गिटारवाल्यांना तो काळ नको वाटतो आणि त्याच काळात दहावी-बारावीच्या वयात असलेल्यांना तोच सगळ्यात जवळचा.

२०१५ नंतर

शेवटची टूर २०१५ ची, चाळीस वर्षांची. शो उलट्या क्रमानं होता, नव्या गाण्यांपासून जुन्याकडे, आणि गाण्यांबरोबर स्टेजवरचं सामानही कमी होत जायचं, शेवटी शाळेच्या हॉलमधे खुर्चीवर ठेवलेला ॲम्प्लिफायर एवढंच उरायचं आणि 'वर्किंग मॅन' वाजायचं. १ ऑगस्टला लॉस एंजेलिसच्या फोरममधे शेवटचा शो झाला तेव्हा पिअर्ट ड्रम्स सोडून पुढे आला आणि दोघांना मिठी मारली. आधी तो कधीच पुढे यायचा नाही, ड्रम्सच्या मागे राहायचं हा त्याचा नियम होता, त्यामुळे जाणत्या लोकांना तिथेच कळलं की हे परत होणार नाही.

७ जानेवारी २०२० ला तो मेंदूच्या कॅन्सरनी गेला. साडेतीन वर्षं आजारी होता आणि जवळच्या कोणीही बाहेर बोललं नाही, बातमी तीन दिवसांनी, १० तारखेला आली. लहानपणी सेंट कॅथरिन्सच्या ज्या लेकसाइड पार्कमधे त्यानी काम केलं होतं, ज्याच्यावर पुढे गाणंही लिहिलं, तिथल्या पॅव्हिलियनला त्याचं नाव दिलंय. विलोडेलला गेडी आणि ॲलेक्सच्या नावाचं पार्क २०१६ पासून आहेच, टोरांटोला जाणारे चाहते ही ठिकाणं बघून येतात.

टेलर हॉकिन्स गेल्यावर सप्टेंबर २०२२ च्या दोन श्रद्धांजली कार्यक्रमांत गेडी आणि ॲलेक्स वेगवेगळे ड्रमर घेऊन वाजवायला उभे राहिले, आणि ऑक्टोबर २०२५ मधे त्यांनी जाहीर केलं की २०२६ ला परत टूर, ड्रम्सवर जर्मनीची आनिका नीलेस. पिअर्टशिवाय रश हे नाव वापरायचं का यावर चाहत्यांमधे बरीच वादावादी झाली, काहींना ते अजूनही पटलेलं नाही आणि त्यांचं म्हणणं चुकीचं आहे असं म्हणता येत नाही. पण पिअर्टची दुसरी बायको कॅरी आणि मुलगी ऑलिव्हिया यांनी टूरला जाहीर पाठिंबा दिला, सुरुवात फोरममधूनच करायचं ठरलं, जिथे २०१५ ला थांबले होते, आणि तिकिटांची मागणी एवढी आली की थोड्याच शहरांसाठी ठरवलेल्या टूरमधे लगेच आणखी शो वाढवावे लागले.