बिब्याची फुली

भानामती म्हटली की मराठवाड्यात जी लक्षणे सांगितली जातात ती बहुतेक ठरलेली असतात. घरावर दगड पडतात, वळणीवरच्या कपड्यांना आग लागते, वाढलेल्या ताटात घाण सापडते, घरातली लेक किंवा सून कुत्र्यासारखी भुंकू लागते आणि अंगावर बिब्याच्या काळ्या फुल्या उमटतात. हाच शब्द थोड्या उच्चारभेदाने तेलंगणात आणि बीदर-कलबुर्गीकडच्या कानडीतही आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हे तिन्ही भाग निजामाच्या एकाच अमलाखाली होते, हे लक्षात घेतले तर त्याचे फारसे नवल वाटत नाही.

कोणीतरी दूर बसून आपले वाईट करतो, ही कल्पना मात्र निजामशाहीहून कितीतरी जुनी आहे. अथर्ववेदाच्या 10व्या कांडाचे पहिलेच सूक्त शत्रूने पाठवलेली कृत्या, म्हणजे घात करण्यासाठी मंत्राने घडवलेली करणी, परतवण्यासाठी आहे, आणि ती कृत्या लग्नातल्या नवरीसारखी सजवून पाठवलेली असते असे त्यात म्हटले आहे. 4थ्या कांडात अशाच कृत्यांवर उपाय म्हणून अपामार्गाला, म्हणजे आपल्या बांधावरच्या आघाड्याला, साकडे घातलेले दिसते. कौटिल्याचा सूर वेगळा आहे. अर्थशास्त्राच्या 14व्या अधिकरणात मंत्र आहेतच, पण त्यांच्या शेजारी शत्रूला आंधळे, आजारी किंवा ठार करण्याची चूर्णे आणि लोकांना थक्क करणाऱ्या युक्त्याही दिल्या आहेत, आणि त्यातल्या एका प्राणघातक चूर्णात भल्लातकाचा रस घालायला सांगितला आहे. भल्लातक म्हणजे आपला बिबा.

हे झाड काजू आणि आंब्याच्या कुळातले आहे. त्याच्या नारिंगी, मांसल देठावर काळे, टणक फळ बसलेले असते. आतली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात घालतो, आणि पायात काटा मोडला तर त्याच फळाचा चटका देणारी माणसे खेड्यांत आजही भेटतात. दृष्ट लागू नये म्हणून दारावर टांगलेल्या लिंबू-मिरचीच्या दोऱ्यातही बिबा ओवलेला असतो, म्हणजे भानामतीची खूण आणि भानामतीवरचा उतारा एकाच झाडाचा.

फळाच्या सालीत जे तेल असते त्यातले मुख्य द्रव्य भिलावनॉल. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग झाला की ते काळे पडते, आणि म्हणूनच धोबी कपड्यांवर खूण करायला बिबा वापरत असत. हे द्रव्य तेलकट असल्यामुळे कातडीत सहज मुरते, तिथल्या प्रथिनांना चिकटते, आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्या बदललेल्या प्रथिनांना परके समजून त्यांच्यावर तुटून पडतात. ज्याच्या शरीराला या द्रव्याची ओळख आधीच झालेली आहे, त्याच्या अंगावर लाली, खाज आणि फोड साधारणपणे एक-दोन दिवसांनी उठतात. माझ्या मते भानामतीचे अर्धे गूढ या एक-दोन दिवसांत आहे, कारण फुली दिसते तेव्हा ती काढणारा हात केव्हाच बाजूला झालेला असतो. अंगाला हात लावण्याचीही गरज नसते. धोब्याने कॉलरच्या आत केलेल्या बिब्याच्या खुणेमुळे मानेवर नेमक्या तेवढ्याच जागी पुरळ उठल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला चांगली परिचित आहेत.

मांत्रिकाच्या लिंबातून निघणारे रक्त याहून सोपे आहे. सुरीच्या पात्यावर जास्वंदीची फुले चोळून वाळवली की लिंबाच्या आम्लामुळे त्यांचा रंग लालभडक होतो. हळदीत चुना कालवला की ती लाल होते, तसाच हाही रसायनांचा खेळ आहे.

पण फुली कशी उमटली हे सांगून घरच्यांचे समाधान होत नाही. मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी आफ्रिकेतल्या अझांदे लोकांविषयी 1937 साली लिहिले, त्यात धान्याच्या कोठाराचे उदाहरण आहे. वाळवीने खांब पोखरले म्हणून कोठार पडले, हे अझांदे जाणत होते. ते नेमके आपला माणूस सावलीला बसला असतानाच का पडले, एवढ्यापुरते त्यांना चेटूक हवे होते. आपल्याकडे म्हैस आटली, पोराचा ताप उतरेना, की दवाखान्याचा कागद हातात असतानाही ‘बाहेरचं काही आहे का बघा’ असे म्हणतात, ते याच दुसऱ्या प्रश्नासाठी.

या प्रश्नाला मिळणारे उत्तर बहुधा एखाद्या माणसाचे नाव असते, आणि ती बहुतेक वेळा बाईच असते. युरोपात 15व्या ते 18व्या शतकांत चेटकीण ठरवून अंदाजे 40 ते 60 हजार माणसे मारली गेली, त्यात बायकाच जास्त होत्या. 20 ऑगस्ट 2013 रोजी डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली, त्यानंतर महाराष्ट्रात जो जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यानुसार एखाद्यावर करणी किंवा चेटूक केल्याचा आळ घेऊन त्याचे जगणे अवघड करणे हा गुन्हा आहे. त्याला 6 महिने ते 7 वर्षे कैद आणि 5 ते 50 हजार रुपये दंड होऊ शकतो.

भुंकणाऱ्या सुनेला ढोंगी म्हणणे मात्र चुकीचे आहे. असह्य ताण बोलून दाखवायची सोय नसली की काहींचे भान काही काळ दुभंगते आणि शरीर आपल्या ओळखीच्याच लक्षणांतून बोलते, याला मानसोपचारात नाव आहे आणि उपचारही आहेत. दगड, आग आणि फुल्यांची गोष्ट वेगळी, कारण त्यांना हात लागतोच, आणि तो बहुधा घरातल्याच कोणा गांजलेल्या माणसाचा असतो. म्हणून अंधश्रद्धा निर्मूलनाचा जाणता कार्यकर्ता फुली पाहिल्यावर शेजारणीबद्दल विचारत नाही. परवा घरात कोण कोण होते ते विचारतो, प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतो, आणि जे नाव कळते ते चावडीवर सांगत नाही.