रातपाळीला येण्याआधी: आमच्या भीतीच्या एस्केप रूमबद्दल ग्राहकांसाठी माहिती

एस्केप रूम म्हणजे खोलीत सुगावे शोधून, कोडी सोडवून ठरावीक वेळेत बाहेर पडायचा खेळ. त्याचं फोनवर बुकिंग करणारे बहुतेक जण आधी दाराबद्दल विचारतात. "आम्ही आत गेल्यावर बाहेरून कुलूप लावता का?" लावत नाही. ज्या दारातून तुम्ही आत येता त्याला कुलूप, कडी, बोल्ट यांतलं काहीच बसवलेलं नाही. ते बाहेरच्या बाजूला उघडतं आणि आतून नुसतं ढकललं की पुरतं. साठ मिनिटांच्या खेळात कोणत्याही क्षणी, कुणालाही न विचारता, तुम्ही बाहेर येऊ शकता.

हे एवढं ठासून सांगायला कारण आहे. जानेवारी २०१९ मध्ये पोलंडमधल्या कोशालिन शहरात एका एस्केप रूमला आग लागली. वाढदिवस साजरा करायला आलेल्या, पंधरा वर्षांच्या पाच मैत्रिणी आत होत्या. गॅसच्या हीटरमुळे बाहेरच्या खोलीत आग भडकली. खेळाच्या खोलीचं दार मुलींना आतून उघडता आलं नाही आणि धुरानं पाचही जणींचा जीव गेला. त्यानंतर तिथल्या सरकारनं देशभरातल्या एस्केप रूम तपासायला घेतल्या आणि नियमात न बसणाऱ्या बऱ्याच बंद केल्या. आमच्या धंद्यातल्या प्रत्येकानं ही घटना लक्षात ठेवली पाहिजे, आणि ग्राहकांनाही ती माहीत असली पाहिजे. पुण्यात, हैदराबादला, कुठंही असा खेळ खेळायला गेलात तर आत शिरण्याआधी विचारा: वीज गेली आणि देखरेखीला कुणी नसलं तर मी स्वतः बाहेर कसा पडणार? नीट उत्तर मिळालं नाही तर पैसे परत मागा आणि निघा.

आमच्या आतल्या दारांना आणि कपाटांना चुंबकी कुलपं आहेत. वीज चालू आहे तोवर चुंबक लोखंडी पट्टी धरून ठेवतो, वीज तुटली की पकड सुटते. उन्हाळ्यात आपल्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. म्हणून ही कुलपं आम्ही मुद्दाम इन्व्हर्टरवर घेतलेली नाहीत. इन्व्हर्टरवर फक्त दिवे, कॅमेरे आणि पंखे आहेत. लाईट गेली की आतलं सगळं आपोआप उघडतं, दिवे लागतात आणि खेळ तिथंच थांबतो. मग तुम्हाला नव्यानं खेळायला मिळतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. शिवाय प्रत्येक खोलीत दाराशेजारी हिरवं बटण आहे, ते दाबलं तरी हेच होतं. खेळ सुरू होण्याआधी गटातल्या प्रत्येकाला आम्ही ते बटण एकदा दाबायला लावतो. काहींना ही कटकट वाटते. पण हाताला एकदा जागा कळली की घाबरल्यावरही ती सापडते, म्हणून यात सूट नाही.

आमचा खेळ एका बंद पडलेल्या कापड मिलमध्ये घडतो, आणि मिलचा देखावा म्हटला की सूत आणि कापूस आलाच. खरा कापूस मात्र एका ठिणगीनं पेटतो. त्यामुळं आत दिसणाऱ्या गासड्या म्हणजे लोखंडी सांगाड्यावर ताणलेलं, सहज न पेटणारं कापड आहे. मेणबत्ती, उदबत्ती, काडेपेटी आत नेता येत नाही. धूर सोडणारं मशीनही आम्ही ठेवलेलं नाही. त्या धुरात बाहेरची वाट दिसत नाही आणि आगीचा अलार्म विनाकारण वाजत राहतो. तो खरोखर वाजेल तेव्हा कुणी मनावर घेत नाही.

खेळ काय आहे

बंद खोलीत सुगावे शोधून ठरावीक वेळेत बाहेर पडायचं, हा प्रकार आधी कॉम्प्युटरवरच्या गेममध्ये होता. तो खऱ्या माणसांना घेऊन खऱ्या जागेत खेळवायला जपानमधल्या क्योतोत २००७ मध्ये ताकाओ काटो यांनी सुरुवात केली. तिथून तो जगभर गेला.

आमच्या खेळाचं नाव 'रातपाळी'. सोलापुरातल्या किती तरी घरांत मिलच्या भोंग्याची आठवण अजून निघते. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी मिल, पुढं लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. पाळी बदलायची, पोरं शाळेला निघायची, चुलीवर भाकरी पडायची ती भोंग्यावर. खेळात तुम्ही एका बंद पडलेल्या मिलमध्ये बदली कामगार म्हणून रातपाळीला येता. मस्टरवर, म्हणजे हजेरीच्या वहीत, तुमच्या आधी एकाची सही आहे, पण तो बाहेर गेल्याची नोंद नाही. पहाटेचा भोंगा व्हायच्या आत त्याचं नाव शोधून मस्टर पुरं करायचं. याहून जास्त इथं सांगत नाही.

ही मिल आम्ही मनानं रचलेली आहे. कुठल्याही खऱ्या मिलचं, खऱ्या अपघाताचं, खऱ्या कामगाराचं नाव त्यात नाही. ज्यांचे आजोबा-पणजोबा मागावर उभे राहिले ती माणसं याच शहरात राहतात. त्यांच्या घरातलं दुःख तिकीट लावून दाखवायचं नाही, हे खोली बांधायच्या आधीच ठरवलं होतं. मनोरुग्ण, पांढऱ्या साडीतली बाई, मांत्रिक, देवादिकांच्या मूर्ती, लिंबू-बाहुल्या यांतलं काही आत भेटणार नाही. जागा 'झपाटलेली' असल्याची जाहिरातही आम्ही करत नाही. आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे आणि त्यामागचा विचार आम्हाला मनापासून पटतो. आत जे काही घडतं ते दिवे, स्पीकर, मोटारी आणि आमचा एक अभिनेता मिळून घडवतात. तो तुम्हाला कधीही हात लावणार नाही आणि हातभर अंतराच्या आत येणार नाही. तुम्हीही त्याला ढकलायचं नाही, धरायचं नाही. दचकल्यावर माणसाचा हात नकळत उठतो, अंतर ठेवायचं ते दोघांच्याही भल्यासाठी.

कोड्यांतलं एक जॅकार्ड मागाच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, भोकं पाडलेल्या कार्डांवर आहे. आपली सोलापुरी चादर ज्या मागावर विणली जाते त्याच तत्त्वाची ही कार्डं. कार्डावर जिथं भोक, तिथं सुई आरपार जाते आणि तो ताण्याचा, म्हणजे मागावर लांबीला ताणलेला, दोरा वर उचलला जातो. भोक नसेल तिथं दोरा खालीच राहतो. नक्षीची एकेक ओळ अशी एकेका कार्डावर लिहिलेली असते. जोझेफ मारी जॅकार्ड यांनी फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास ही युक्ती मागावर बसवली आणि पुढं हिशेबाची यंत्रं बनवणाऱ्यांनीही भोकांची कार्डं उचलली. सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली मुलं हे कार्ड हातात येताच ओळखतात. ज्यांनी ते कधी पाहिलेलं नाही त्यांना वरची भोक आणि दोऱ्याची दोन वाक्यं पुरेशी आहेत.

भीती किती असावी

डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी एका भयघरात आलेल्या ११० लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि २०२० मध्ये निष्कर्ष छापला. भीती फारच कमी असली तर मजा येत नाही आणि फार झाली तरी येत नाही. मधे कुठं तरी एक टप्पा असतो तिथं ती सगळ्यांत जास्त येते. आमचा रोजचा अनुभव हेच सांगतो. अडचण एवढीच की हा टप्पा प्रत्येकाचा वेगळा असतो. एकाला भोंग्याचा नुसता आवाज पुरतो, दुसरा अभिनेत्याशी गप्पा मारायला बघतो.

म्हणून खेळाच्या तीन पातळ्या आहेत: साधी, मधली आणि पूर्ण. साध्या पातळीत अभिनेता नसतो आणि उजेड जास्त असतो. पातळी कोणती घ्यायची हे गटातल्या सगळ्यांत घाबरट मित्रानं ठरवायचं, सगळ्यांत धीट मित्रानं नाही. गट पूर्ण पातळीचा असला तरी कुणाला नको असेल तर मनगटाला पिवळी पट्टी बांधून देतो. पट्टी असलेल्या माणसाकडं अभिनेता वळतच नाही. पट्टी मागताना कारण सांगावं लागत नाही. गटासमोर मागायला अवघड वाटत असेल तर फोनवर आधीच सांगा, आम्ही आपल्याकडून दिल्यासारखं दाखवू.

वाढदिवसाला मित्राचे डोळे बांधून, कुठं नेतोय ते न सांगता घेऊन येणारे गट असतात. हेतू चांगला असतो, हे आम्हाला माहीत आहे. तरीही ज्याला आत जायचं आहे त्यानं स्वतः "हो" म्हटल्याशिवाय आम्ही खेळ सुरू करत नाही. तो "नको" म्हणाला तर त्याला आमच्यासोबत कॅमेऱ्यांच्या पडद्यासमोर बसता येतं. तिथून मित्रांना इशारे देण्यात बऱ्याच जणांना आत जाण्याइतकीच मजा येते, आणि त्याच्या तिकिटाचे पैसे आम्ही परत करतो.

हृदयविकार, न आवरलेलं ब्लड प्रेशर, फिट्स किंवा दम्याचा त्रास असेल, किंवा गरोदरपण असेल तर कृपया पूर्ण पातळी घेऊ नका. साधी पातळीही डॉक्टरांना विचारूनच घ्या. लुकलुकणारे झगमग दिवे आत कुठंच नाहीत. वय चौदाच्या पुढं हवं, अठराच्या आतल्यांसोबत घरातलं मोठं माणूस निदान काउंटरपाशी हवं. दारू पिऊन आलेल्यांना प्रवेश नाही, यावर घासाघीस करू नये.

मित्रमंडळीनं कसं खेळावं

चार ते सहा जण असावेत. दोघांना कोडी जड जातात, आठ जणांत निम्मे नुसते उभे राहतात.

घाबरलेल्या माणसाची नजर आखडते. जिथून आवाज आला तिकडंच तो बघत राहतो आणि नाकासमोरचा आकडा त्याला दिसत नाही. यावर उपाय एकच, बोलत राहा. जे सापडेल ते मोठ्यानं सांगा: "किल्ली मिळाली, लाल दोरा बांधलाय." "भिंतीवर चार आकडे आहेत." "ए बे, हितं ड्रॉवर उघडला!" तुम्हाला बिनकामाची वाटलेली वस्तू पलीकडच्या मित्राला नेमकी हवी असते. जे गट आत गप्प होतात ते अडकतात. बाहेर गप्पिष्ट असलेली टोळीसुद्धा अंधारात अशी गप्प होते, म्हणून हे आधी ठरवूनच आत जा.

सापडलेल्या सगळ्या वस्तू एका टेबलावर ठेवा. वापरून झालेली किल्ली त्याच कुलपात राहू द्या, म्हणजे ती पुन्हा पुन्हा लावून बघण्यात वेळ जात नाही. आकडे लक्षात ठेवायच्या भानगडीत पडू नका, आत पाटी आणि खडू ठेवलाय. पाच मिनिटं झाली तरी एखादं कोडं हलत नसेल तर ते दुसऱ्याच्या हातात द्या. एखादा मित्र कोपऱ्यात थिजला असेल तर त्याची थट्टा नको, त्याला हातात धरायला काही तरी काम द्या. टॉर्च धर, आकडे वाच. हात कामाला लागले की भीती बरीच उतरते, हे आम्ही पडद्यावर नेहमी बघतो.

अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. तेव्हा टॉर्च एकमेकांच्या तोंडावर मारू नका, सरावलेले डोळे क्षणात पुन्हा कोरे होतात. डोक्याच्या वर आणि स्विचबोर्डाच्या आत काहीही लपवलेलं नाही. स्टूल ओढून चढू नका, स्क्रू उघडू नका. जोर लावून उघडेल असं इथं एकही कुलूप नाही.

अडलात की वॉकी-टॉकीवर इशारा मागा. मराठीत, हिंदीत, तेलुगूत, कन्नडमध्ये, ज्या भाषेत घाबरल्यावर तुमच्या तोंडून शब्द निघतात त्या भाषेत बोला. आमच्याकडं चारही समजणारी माणसं आहेत. इशाऱ्यांना मर्यादा नाही आणि त्याचे गुण कापले जात नाहीत.

किरकोळ पण कामाचं

पंधरा मिनिटं आधी या. मोबाईल, स्मार्ट वॉच काउंटरच्या लॉकरमध्ये ठेवायचे, किल्ली तुमच्याकडं. घरून महत्त्वाचा फोन येणार असेल तर आमचा नंबर देऊन ठेवा, आम्ही निरोप आत पोचवतो. पायात बूट किंवा मागून पट्टा असलेल्या चपला घाला. साडी, लांब ओढणी, मोकळे केस नीट आवरून घ्या. चष्मा असेल तर घालूनच या. एप्रिल-मे मध्ये उन्हातून थेट आत जाऊ नका, आधी बसा, पाणी प्या. आत कॅमेरे आहेत ते देखरेखीसाठी. तुमचं चित्रीकरण आम्ही तुम्हाला न विचारता कुठंही टाकत नाही. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेच्या दिवसांत घरोघरी पाहुणे असतात आणि संध्याकाळच्या वेळा भराभर भरतात, तेव्हा आठवडाभर आधी बुकिंग करा. येणं रद्द करायचं असेल तर आदल्या संध्याकाळपर्यंत कळवा, सगळे पैसे परत मिळतील.

खेळ संपल्यावर लगेच गाडीला किक मारू नका. अंगातली धडधड उतरायला वेळ लागतो आणि त्या हुरूपात गाडी जोरात जाते. बाहेर बाकं आहेत, माठातलं पाणी आहे, लिंबू सरबत आमच्याकडून. दहा-पंधरा मिनिटं बसा, कुणाला काय दिसलं ते एकमेकांना सांगा, आणि मग निघा. रात्रीच्या शेवटच्या गटासाठीही काउंटर तेवढा वेळ चालू असतो.