बॅटर्ड सॉसेज

बॅटर्ड सॉसेज : मैद्याच्या सैलसर पिठात बुडवून तळलेले डुकराच्या मांसाचे सॉसेज. ब्रिटन व आयर्लंडमधील फिश अँड चिप्सच्या (तळलेला मासा आणि बटाट्याचे तळलेले जाड लांबट तुकडे) दुकानांत ते हमखास मिळते. अशा दुकानाला इंग्लंडमध्ये ‘चिपी’ आणि आयर्लंडमध्ये ‘चिपर’ म्हणतात. लंडनमध्ये जोसेफ मॅलिन यांनी १८६०च्या सुमारास तळलेला मासा आणि बटाट्याच्या चिप्स एकत्र विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. पीठ आणि कढई तयारच असल्यावर त्यात माशाशिवायही बरेच काही पडू लागले, त्यातलेच हे सॉसेज.

बटाटेवड्यातल्या सारणाच्या जागी सॉसेज आले, एवढे सांगितले की निम्मी कल्पना येते. उरलेला फरक पिठाचा. इथे बेसन नाही, तिखट-हळदही नाही. मैदा, मीठ, थंड पाणी आणि फुगवण्यासाठी बेकिंग पावडर, किंवा सोडा आणि थोडे व्हिनेगर. काही जण पाण्याऐवजी बिअर घालतात. सॉसेज गुळगुळीत व तेलकट असल्याने पीठ त्यावरून घसरते, म्हणून आधी ते कोरड्या मैद्यात घोळवतात. मग एका टोकाला धरून सुमारे १८० अंश सेल्सिअसच्या तेलात क्षणभर हेलकावत ठेवतात आणि आवरण धरले की सोडून देतात. एकदम सोडले तर ते तळाशी जाऊन जाळीला चिकटते. यॉर्कशरमध्ये तेलाऐवजी गाईची चरबी वापरण्याची रीत टिकून आहे आणि तिचा खमंगपणा वेगळाच.

आतले सॉसेज मऊ, जवळजवळ भुसभुशीत असते, कारण त्यात मांसाबरोबर रस्क, म्हणजे भाजलेल्या पिठाचा चुरा असतो. ‘पोर्क सॉसेज’ म्हणून विकायचे तर त्यात किमान ४२ टक्के डुकराचे मांस असावे, असा ब्रिटनमधला नियम आहे. गोव्याच्या मसालेदार, आंबट चोरीसची सवय असलेल्या जिभेला हे फिकेच लागेल. चव आणायचे काम वरून शिंपडलेले मीठ आणि व्हिनेगर करतात. हे ‘व्हिनेगर’ पुष्कळदा पाण्यात अॅसिटिक आम्ल व कॅरमेलचा रंग घालून केलेले असते. मासे न खाणारा गिऱ्हाईक हे सॉसेज मागतो खरा, पण कढई बहुधा एकच असते, तेव्हा माशाचा वास टळतोच असे नाही.

याचा नातलग म्हणजे सॅव्हलॉय. लालभडक सालीचे, जास्त मसाल्याचे हे सॉसेज बहुधा गरम पाण्यात ठेवतात, मागणी आली तर पिठात बुडवून तळतात. नाव फ्रेंच ‘सेर्व्हेला’वरून आले आणि त्याचे मूळ मेंदूसाठीच्या लॅटिन शब्दात आहे, पूर्वी त्यात डुकराचा मेंदू घालत, आता घालत नाहीत. इंग्लंडच्या ईशान्येस, न्यूकॅसल आणि साउथ शील्ड्सकडे, सॅव्हलॉय पावात घालून सोबत पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचा घट्ट गोळा आणि मोहरीची चटणी देतात. पाव ग्रेव्हीत बुडवतात, म्हणून त्याला ‘सॅव्हलॉय डिप’ म्हणतात.

स्कॉटलंडमध्ये मागणीची भाषाच निराळी. ‘सॉसेज सपर’ म्हणजे चिप्ससह सॉसेज, मग ते भर दुपारी का घेईनात. नुसते हवे तर ‘सिंगल’ म्हणायचे. एडिनबरात व्हिनेगरऐवजी पातळ केलेला तपकिरी सॉस घालतात, आणि ग्लासगोकर त्यावर नाक मुरडतात. तिथल्या कढईत याच पिठात हॅगिस (मेंढीचे काळीज वगैरे अवयव व ओटचे मिश्रण) आणि ब्लॅक पुडिंगही (रक्त घालून केलेले सॉसेज) तळले जाते.

ऑस्ट्रेलियात सॉसेज काडीला खोचून तळतात. त्याचे नाव प्रांतागणिक बदलते: कुठे ‘डॅगवुड डॉग’, कुठे ‘प्लूटो पप’. शेती-प्रदर्शनांच्या जत्रेत टोमॅटो सॉसमध्ये बुडवून ते खायचे. अमेरिकेतला कॉर्न डॉग दिसायला असाच, पण त्याचे पीठ मक्याचे आणि किंचित गोड. न्यूझीलंडमध्ये मात्र ‘हॉट डॉग’ मागितले की काडीवरचे हेच हातात पडते. पावातले हवे असेल तर ‘अमेरिकन हॉट डॉग’ असे सांगावे लागते.