व्हिडिओ कॅसेटचे प्रणाली-रूपांतर

एका दूरचित्रवाणी प्रणालीत मुद्रित झालेल्या कॅसेटची दुसऱ्या प्रणालीत चालणारी प्रत, दोन व्हीसीआर (व्हिडिओ कॅसेट वाजवणारी व मुद्रित करणारी यंत्रे) एकमेकांना जोडून तयार करण्याची पद्धत. एक यंत्र मूळ कॅसेट वाजवते, दुसरे कोऱ्या कॅसेटवर मुद्रण करते. कॅसेटचा खोका आणि फितीची रुंदी जगभर सारखीच असल्यामुळे हे काम वायर जोडून बटण दाबण्याइतके सोपे वाटते. प्रत्यक्षात दोन व्हीसीआर आणि एक वायर एवढ्या सामग्रीने प्रणाली बदलत नाही. वायर संकेत (सिग्नल) फक्त वाहून नेते. त्याचे रूपांतर करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल (सर्किट) साखळीत कुठेतरी असावेच लागते, आणि ते नेमके कुठे आहे हे ओळखण्यावर सारे काम अवलंबून असते.

अमेरिका, कॅनडा व जपान येथे एनटीएससी प्रणाली रूढ होती. तिच्यात एका चित्रचौकटीत ५२५ रेषा असतात आणि सेकंदाला ५९.९४ क्षेत्रे, म्हणजे अर्ध्या चौकटी, पाठवली जातात. तिच्या रंगीत रूपाला अमेरिकेत १९५३ साली मान्यता मिळाली. पश्चिम युरोपचा बराच भाग, भारत व ऑस्ट्रेलिया येथे पाल प्रणाली होती : ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० क्षेत्रे. टेलिफुंकेन कंपनीतील अभियंते वाल्टर ब्रुख यांनी ती विकसित केली आणि १९६७ मध्ये तिचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले. फ्रान्स व सोव्हिएत संघाने सेकाम प्रणाली स्वीकारली. तिच्या रेषा आणि क्षेत्रे पालइतकीच आहेत, वेगळी आहे ती फक्त रंगाची माहिती पाठवण्याची रीत. म्हणूनच सेकाम कॅसेट पाल यंत्रात घातली तर चित्र स्थिर पण कृष्णधवल दिसते, आणि केवळ रंग बदलून देणारे साधे उपकरण मध्ये जोडले की काम भागते. एनटीएससी आणि पाल यांच्यात मात्र खरी अडचण रंगाची नसून काळाची आहे. सेकंदाला सुमारे ६० वेळा आलेल्या हालचालीची ५० क्षेत्रांत, किंवा ५० ची ६० मध्ये, फेरमांडणी करावी लागते.

व्हीएचएस या घरगुती कॅसेट-पद्धतीच्या यंत्रात ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम फिरतो. त्याच्यावरील दोन हेड आळीपाळीने एकेक क्षेत्र फितीवर तिरक्या पट्ट्यांत लिहितात. पाल यंत्रात ड्रमचे मिनिटाला १,५०० फेरे होतात, एनटीएससी यंत्रात सुमारे १,८००. फीत सरकण्याचा वेगही वेगळा : प्रमाण गतीने पालमध्ये सेकंदाला २३.३९ मिलिमीटर, एनटीएससीमध्ये ३३.३५ मिलिमीटर. या फरकाचा एक परिणाम अनेकांच्या लक्षात फार उशिरा येतो. पालमध्ये तीन तास चालणारी ई-१८० कॅसेट एनटीएससी यंत्रात त्याच गतीने दोन तास दहा मिनिटांच्या आतच संपते. तीन तासांच्या पाल मुद्रणाची एनटीएससी प्रत त्याच लांबीच्या कॅसेटवर करायला बसले, तर शेवटचा भाग बाहेरच राहतो.

यंत्रावरच्या शब्दांमुळे सर्वांत जास्त घोटाळा होतो. ‘मल्टी-सिस्टम’ व्हीसीआर अनेक प्रणालींच्या कॅसेट वाजवतो आणि मुद्रितही करतो, पण आत एनटीएससी गेले तर बाहेरही एनटीएससीच येते. असे दोन व्हीसीआर जोडले तर प्रत उत्तम निघते, मात्र मूळ प्रणालीतलीच. ‘पाल टीव्हीवर एनटीएससी प्लेबॅक’ अशी सोय असलेले यंत्र रंगाची माहिती पालच्या धाटणीत बदलते, परंतु ५२५ रेषा आणि ६० क्षेत्रे तशीच ठेवते. बऱ्याच पाल टीव्ही संचांना हा फरक चालून जातो, त्यामुळे पडद्यावर चित्र ठीक दिसते आणि रूपांतर झाल्याचा भास होतो. हाच संकेत पाल रेकॉर्डरला दिला की फसगत उघडी पडते. त्याची यंत्रणा ५० क्षेत्रांच्या ठेक्याला बांधलेली असते. चित्र वरखाली सरकते, फाटते किंवा रंग जातो. काही यंत्रे तो संकेत नोंदवून घेतात, पण तयार होणारी कॅसेट ना धड पाल ना धड एनटीएससी.

खरे रूपांतर करणारे उपकरण प्रत्येक क्षेत्र स्मृतीत साठवते, रेषांची संख्या नव्याने काढते आणि नव्या ठेक्यात क्षेत्रे बाहेर सोडते. एनटीएससीतून पालकडे जाताना साध्या उपकरणात साधारण दर सहावे क्षेत्र गाळले जाते, उलट दिशेने दर पाचवे क्षेत्र दोनदा दाखवले जाते. यामुळे धावता चेंडू किंवा सरकता कॅमेरा ठराविक अंतराने अडखळतो. लगतची क्षेत्रे मिसळली तर अडखळणे कमी होते, पण हलत्या वस्तूंच्या कडा दुहेरी आणि धूसर होतात. हालचालीची दिशा मोजून मधले क्षेत्र रचणारी उपकरणे सर्वांत चांगली, परंतु ती प्रक्षेपण संस्थांपुरतीच राहिली.

या संस्थांनी हा प्रश्न घरगुती व्हीसीआर येण्याआधीच हाताळला होता. १९५२ साली पॅरिसहून आलेले ८१९ रेषांचे चित्र ब्रिटनच्या ४०५ रेषांत आणताना पडद्यावरच्या चित्रासमोर कॅमेरा लावला गेला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी बीबीसीने क्षेत्र साठवणारे इलेक्ट्रॉनिक रूपांतरक वापरले, तर १९७२ मध्ये ब्रिटनच्याच आयबीए या प्रक्षेपण संस्थेने अंकीय पद्धतीचे रूपांतरक उभे केले. घरी टीव्हीसमोर कॅमेरा धरणारेही १९५२ चीच युक्ती वापरत होते. ६० क्षेत्रांचे चित्र ५० क्षेत्रांच्या कॅमेऱ्याने टिपले की सेकंदाला १० वेळा लुकलुक दिसते. ती डोळ्यांना फार त्रास देते आणि नंतर काढता येत नाही.

पुढे पॅनासॉनिक एजी-डब्ल्यू१, सॅमसंग एसव्ही-५०००डब्ल्यू आणि आयवा एचव्ही-एमएक्स१०० अशा काही व्हीसीआरमध्ये रूपांतरक आतच बसवलेला होता. त्यांच्यासोबत दुसरा कोणताही रेकॉर्डर पुरतो. इतर वेळी मूळ प्रणालीचे यंत्र, स्वतंत्र रूपांतरक आणि इच्छित प्रणालीचे यंत्र अशी साखळी लागते. दोनपैकी चांगले यंत्र वाजवण्यासाठी घ्यावे, कारण फितीवरून जे नीट वाचले गेले नाही ते पुढे कोठेही परत मिळत नाही. तपासणीचा टीव्ही रेकॉर्डरच्या पुढे जोडावा आणि तो शक्यतो इच्छित प्रणालीच चालवणारा असावा. सर्व काही सहन करणारा टीव्ही चुका झाकतो. ध्वनी या प्रणालींच्या भानगडीत अडकत नाही, तो थेट दुसऱ्या यंत्रात नेता येतो. जुन्या, ताणलेल्या फितीचा संकेत डळमळीत असेल तर रूपांतरकाची पकड सुटते आणि चित्र क्षणभर गोठते, अशा वेळी संकेताचा ठेका सरळ करणारे टाइम बेस करेक्टर हे उपकरण मध्ये घालावे लागते. १९८५ पासून अनेक व्यावसायिक कॅसेटवर मॅक्रोव्हिजन हे प्रत काढू न देणारे संरक्षण असे. त्यामुळे प्रतीत चित्र आलटून पालटून उजळ आणि काळपट होते, हा यंत्राचा बिघाड नव्हे.

व्हीएचएसची आडवी स्पष्टता मुळातच सुमारे २४० रेषांची (चौकटीतल्या ५२५ किंवा ६२५ रेषांहून हे माप वेगळे, ते आडव्या दिशेने किती बारकावे वेगळे दिसतात ते सांगते), त्यात प्रतीवरून काढलेल्या प्रत्येक पिढीगणिक भर पडते ती झिजेची, आणि रंग आधी पसरतात. अनेक प्रती हव्या असतील तर प्रतीवरून प्रत काढू नये. रूपांतरकातून निघालेला संकेत एकाच वेळी अनेक रेकॉर्डरना वाटून द्यावा.

व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. आता कॅसेट संगणकात उतरवताना प्रणाली बदलण्याचे कारणच उरलेले नाही. पाल फीत ७२० × ५७६ बिंदूंत सेकंदाला २५ चौकटींनी आणि एनटीएससी फीत ७२० × ४८० बिंदूंत २९.९७ चौकटींनी, जशी आहे तशी साठवावी. आजचे पडदे दोन्ही दाखवतात. मात्र त्यासाठी वाजवणारा व्हीसीआर फितीच्याच प्रणालीचा संकेत बाहेर देणारा हवा. ‘पाल टीव्हीवर एनटीएससी’ सोयीतून आलेला संकेत संगणकात चित्र उतरवून घेणारी अनेक कॅप्चर उपकरणे नाकारतात किंवा कृष्णधवल नोंदवतात.