रस्ताजोडणी आणि नागरी पसारा (पुणे परिसर)

एका ठिकाणाहून दुसरीकडे जाण्यास किती वाटा आहेत व त्यांत वळसा किती पडतो, यावरून वस्तीची रस्ताजोडणी ठरते. मोजताना चौकाला चार, तिठ्याला तीन आणि पुढे वाट नसलेल्या टोकाला एक असे अंक धरून सरासरी काढतात. चालण्याच्या अंतराला सरळ रेषेतील अंतराने भागणे हे दुसरे माप. शहर वाढले म्हणजे या अर्थाने पसारा झालाच असे नाही. नव्या वस्त्यांत जोडणी घटत गेली, तरच तसे म्हणता येते. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ले व ॲडम मिलार्ड-बॉल या संशोधकांनी १९७५ नंतरच्या बांधकामात ही घट जगभर दिसत असल्याचे मांडले आहे. पुणे परिसरात तिची कारणे बरीचशी स्थानिक आहेत आणि ती जमिनीच्या दप्तरात सापडतात.

पेठांचा काळ : वारांच्या नावांमुळे पेठा पेशव्यांनी एकाच आराखड्याने वसवल्या असा समज रूढ आहे. तो पूर्णपणे ग्राह्य वाटत नाही. कसबा सर्वांत जुना. रविवार पेठेचे पूर्वीचे नाव मलकापूर, शनिवारचे मुर्तजाबाद. या वस्त्या पेशवाईपूर्व असाव्यात. बुधवार पेठेचा संबंध औरंगजेबाच्या मुक्कामाशी व मुहियाबाद या नावाशी जोडतात. तो मुक्काम साधारण १७०३ चा. शुक्रवार पेठेची आखणी जिवाजीपंत खासगीवाले यांच्याकडे दिली जाते, बहुधा १७३० च्या दशकात. सदाशिव पेठ त्यानंतरची. तेव्हा आधीच्या वस्त्यांना सरळ रस्ते, हौद व नवी नावे देऊन पेशवाईत एकत्र गुंफले, हे मत अधिक पटणारे आहे. चौक जवळजवळ असल्याने पेठांत जोडणी दाट आहे. शिवाय एका गल्लीतून वाड्यात शिरून मागच्या आळीत निघणाऱ्या वाटा होत्या. त्या कोणत्याही मापात येत नाहीत.

सर्व्हे नंबर आणि फायनल प्लॉट : मुंबई नगररचना अधिनियम, १९१५ मुळे जमिनी एकत्र करून, आधी रस्ते काढून, उरलेली जमीन मूळ मालकांना नव्या आकारात परत देता येऊ लागली. भांबुर्डे (आजचे शिवाजीनगर) भागातील पत्त्यांत ‘फायनल प्लॉट’ (म्हणजे असा परत मिळालेला तुकडा) येतो तो यामुळे. धनकवडी, आंबेगाव, वडगाव, धायरी येथील पत्ते मात्र ‘सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर’ (शेताचा व त्याच्या पोटहिश्श्याचा मोजणी क्रमांक) असे असतात. तिथे शेताचा आकारच वस्तीचा आकार झाला. शेतकरी आपल्या लांबट पट्ट्याच्या मधून दहा-पंधरा फुटांची वाट सोडतो व दोन्ही अंगांना गुंठा-दोन गुंठ्यांचे तुकडे विकतो; शेजारचाही तेच करतो. दोघांमधल्या बांधावर भिंत येते. समांतर गल्ल्या तयार होतात, पण त्या एकमेकींना कुठेच मिळत नाहीत. भिंतीपलीकडच्या शाळेत जायला मुलांना मुख्य रस्त्यावरून वळसा घालावा लागतो, हा या रचनेचा सर्वांत दुःखद भाग. १९४७ चा तुकडेबंदी कायदा अशा विभागणीच्या आड येई. म्हणून ती बहुधा नोंदीबाहेर, साठेखतावर (विक्रीच्या नुसत्या करारावर) झाली. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशा तुकड्यांवरील बांधकामे नियमित करण्याची सोय झाली, पण न जुळलेल्या गल्ल्या बव्हंशी तशाच राहिल्या.

अशा भागात आरपार जाणारे रस्ते म्हणजे बहुतेक जुने शिवरस्ते (गावांच्या सीमेवरचे रस्ते) व पाणंदी (शेतांकडे जाणाऱ्या वाटा). गावनकाशात गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने दाखवतात व त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. एकेरी तुटक रेष म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. बैलगाडीसाठी ठरलेल्या या रुंदीवर आज बस, टँकर व रुग्णवाहिका चालतात.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्येही नगररचना योजनेची, म्हणजे जमिनी एकत्र करून आधी रस्ते काढण्याच्या वरील पद्धतीची, तरतूद आहे, पण प्रत्यक्षात भर विकास आराखड्यातील आरक्षणांवर (सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागांवर) राहिला. आराखडा मोठे रस्ते दाखवतो. आतल्या गल्ल्या जोडण्याचे काम तो क्वचितच करतो. अहमदाबादेत नगररचना योजना चालू राहिल्या आणि तिकडील बाह्य भागाची वीण तुलनेने नीट आहे. पुणे महापालिकेत १९९७, २०१७ (११ गावे) व २०२१ (२३ गावे) मध्ये गावे आली, तोवर अनेक ठिकाणचे पट्टे विकून झाले होते.

अन्य नमुने : निगडी प्राधिकरणाची (नवनगर वसवण्यासाठीची शासकीय संस्था, स्थापना १९७२) सेक्टर पद्धतीची आखणी सुबद्ध आहे, शेजारच्या काळेवाडी-रहाटणीत पुन्हा सर्व्हे नंबरचाच नमुना. हडपसरजवळच्या मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र केल्याने आतली जोडणी चांगली, मात्र बाहेर जाणे ठरावीक फाटकांतूनच. पुणे व खडकी छावण्या, लोहगाव विमानतळ, टेकड्या आणि मुळा-मुठा यांमुळेही जाळे तुटते. हिंजवडीच्या शेजारी म्हाळुंगे-माण येथे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (२०१५) नगररचना योजना पुन्हा हाती घेतली.