जाळलं तर उठणार कसं?

"ख्रिस्ती माणसाला जाळत नाहीत. देहच राहिला नाही तर शेवटच्या दिवशी उठणार कसा?" इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या काकू हे ठासून सांगतात. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, कबरींवर मेणबत्त्या अन् झेंडू दिसले, की समज आणखी पक्का.

पण तो चूक. कॅथलिक चर्चने १९६३ सालीच दहनावरची बंदी उठवली; अट एवढीच, की त्यामागे पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचं पुन्हा उठणं, नाकारण्याचा हेतू नको. पसंती आजही पुरण्यालाच. राख मात्र उधळायची नाही, म्हणजे नर्मदेत सोडणंही नाही.

मुळात पुन्हा उठण्याची आशा जुनी हाडं जुळवण्याची नाहीच. येशूचा प्रेषित पौल याने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात दाण्याचा दाखला दिला: पेरता ते नुसतं बी, उगवतं ते निराळं. पेरलेला दाणा ओंबीत शोधायला कोण जातं? आणि काकू, पुरलेल्याचीही शेवटी मातीच होते की!